बाळंतिणीच्या दारात तंबू

जाहीर प्रकटन. तमाम लोकांस कळवण्यात येते की, खाली सही करणाऱ्या इसमाने वेल्हे तालुक्यात, मौजे कुठलेही, गट नंबर कोणताही, एक गुंठादेखील जमीन घेतलेली नाही, घ्यायचा विचार नाही आणि दुसऱ्या कुणाला घेऊन द्यायचाही नाही. सदर इसमाच्या गळ्यात जी काळी नळी लोंबते ती मोजणीचे यंत्र नसून कॅमेऱ्याची लेन्स आहे. तीन पायांचे जे उपकरण तो खांद्यावर वाहतो ते त्याचे हात थरथरतात म्हणून आहे. त्याने कुणाचा बांध सरकत नाही. याबाबत कुणाची हरकत असल्यास...

इथे मला थांबावं लागतं, कारण हरकत सगळ्यांचीच असते. हे प्रकटन मी नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंतच्या बहुतेक चहाच्या टपऱ्यांवर तोंडी वाचून दाखवलेलं आहे. लोक शांतपणे ऐकून घेतात, "बरं बरं" म्हणतात आणि माझ्या बुटांकडे बघतात. बूट डोंगरात चालायचे, जाड तळाचे. असे बूट घालणारा माणूस आधी फोटो काढतो, मग तारेचं कुंपण घालतो आणि मग फाटकावर इंग्रजी पाटी लावतो, हा या भागाचा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. "मी भोरचा आहे हो," असं सांगितलं तर संशय वाढतो. एकदा एका म्हाताऱ्याने मला खालून वर पाहत सांगितलं होतं, "भोरची मानसं अशी कापडं घालत न्हाईत."

कपड्यांबद्दल त्यांचं बरोबर होतं. मी हिरव्या ठिपक्यांचे कपडे घालतो. भोरला एका ऑफिसात आठवडाभर कारकुनी करतो आणि रविवारी झुडूप होतो. पंचेचाळिशीला डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, काठी घ्या. मी कॅमेरा घेतला. तेव्हापासून ती माझ्याकडे त्याच नजरेने बघते ज्या नजरेने वेल्हेकर बघतात.

तर त्या वर्षी एप्रिलमध्ये मला धनेश हवा होता.

धनेश म्हणजे राखाडी रंगाचा, घारीएवढा लांबलचक पक्षी. चोच वाकडी आणि दणकट, वर छोटंसं शिंगासारखं काहीतरी. पण खरी गंमत त्याच्या संसारात आहे. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक उभी फट तेवढी उरते, चोच बाहेर येईल एवढी. आत ती स्वतःची उडायची पिसंही झाडून टाकते. महिना-दोन महिने नर बाहेरून उंबर, वडाची फळं, किडे, सरडे आणून त्या फटीतून भरवतो. तो आला नाही तर आतल्यांना दुसरा वाली नाही. मला हवा होता तो फोटो एवढाच: बाहेर नराची चोच, आत मादीची, आणि मध्ये एक उंबर.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला कारण आमच्या पक्षीवेड्यांच्या ग्रुपवरचा एक इसम. त्याच्यावर माझा जुना संशय आहे. त्याला दिसणारा प्रत्येक पक्षी पानाआड न बसता नेमका त्याच्याकडे तोंड करून बसतो. हे कसं? त्याने ग्रुपवर अगदी हाच फोटो टाकला. नर, उंबर, फट, सगळं स्वच्छ उजेडात, एक पान मध्ये नाही. खाली ठिकाण लिहिलं होतं, "सह्याद्रीत कुठेतरी".

सह्याद्रीत कुठेतरी! मी तो फोटो मोबाईलवर मोठा केला, आणखी मोठा केला. झाडामागे धुरकट डोंगर होता. आमच्याकडचा माणूस तोरणा पाठमोरा पाहिला तरी ओळखतो, लग्नाच्या गर्दीत मेव्हणा ओळखावा तसा. तो तोरणाच होता. डोंगर ज्या कोनातून दिसत होता त्यावरून मी कागदावर रेघा मारल्या आणि रेघ विंझरच्या आसपास आली. फोटोच्या डाव्या कडेला एक पांढरा गोल ठिपका होता. तो मला लेन्सवरचा डाग वाटला. चला, म्हटलं, एवढ्या मोठ्या फोटोग्राफरला लेन्स पुसता येत नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.

पहिल्या रविवारी विंझरच्या एका टपरीवर गेलो. धनेश हे नाव चहावाल्याला कळेना. मग मी हाताची चोच करून नाकापुढे धरली, मान तिरकी केली आणि धनेशासारखा किंचाळलो. बाकावरचे दोघे जण उठून लांब बसले. चहावाला मात्र शांत होता. चहा गाळता गाळता म्हणाला, "हां हां, ते व्हय. ते नदीच्या पल्याड घावंल बघा. कळकाच्या बेटात."

नदीच्या पल्याड कळकाच्या बेटात एक म्हैस घावली.

दुसऱ्या रविवारी त्याने मला वरल्या धनगरवाड्यावर धाडलं. दोन तास चढलो. वर शेळ्या होत्या, कुत्री होती, आणि माझा अवतार बघून ताकाचा तांब्या पुढे करणारे एक वयस्क धनगर बाबा होते. त्यांनी विचारलं, "कुनी धाडलं?" मी सांगितलं, चहावाल्याने. बाबा डोळे मिटून हसले. "मंग बरूबर हाय. आजून वर जावा."

तिसऱ्या रविवारी चहावाल्याने माझ्याकडे खूप दयेने पाहिलं. "ते पाखरू आता हितं न्हाई ऱ्हायलं, सायेब. भोरला गेलं म्हंत्यात."

इथे माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. मी चहा संपवला, दुसरा मागवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच प्रश्न विचारायला लागलो. दूध घालून परतणारा, टेम्पोवाला, एस.टी.ची वाट बघणाऱ्या दोघी जणी. उत्तरं सगळी वेगवेगळी, पण उत्तर देण्याआधी सगळ्यांची नजर क्षणभर एकाच दिशेला जायची. रस्त्यापलीकडे, वाडीच्या मागे, एका उंच बेहड्याच्या शेंड्याकडे. मग ती नजर चोरासारखी परत यायची आणि हात भलतीकडेच जायचा.

म्हणजे अख्खं गाव सामील होतं! मला इतका आनंद झाला की मी उगाचच बिस्किटांचा पुडा घेतला. काय लपवत असतील? जमिनीचा व्यवहार? चोरटी लाकूडतोड? की माझ्या त्या ग्रुपवरच्या इसमाने सगळ्यांना आधीच फितवून ठेवलंय, की दुसऱ्या कुणाला जागा दाखवू नका म्हणून? शेवटची शक्यता मला सगळ्यात आवडली.

चौथ्या रविवारी मी टपरीवर थांबलोच नाही. तांबडं फुटायच्या सुमाराला स्कूटर रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत घातली आणि बेहड्याकडे निघालो. पाठीवर माझं नवं शस्त्र होतं: लपून बसायचा तंबू. एक माणूस, एक स्टूल आणि एक कॅमेरा मावेल एवढा. वर हिरव्यागार पानांची चित्रं छापलेली. आत बसलं की माणूस दिसेनासा होतो, असं विकणाऱ्याने छातीठोक लिहिलं होतं.

बेहड्याच्या अलीकडे पायवाटेवर आडवी सुतळी बांधलेली होती आणि तिला लिंबाचे डहाळे लटकवलेले होते. पानं ताजी, आदल्या दिवशीचीच असावीत. मला घाबरवायला बांधलंय, हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं. कारकून झालो तरी एवढा भित्रा नाही. वाकलो आणि सुतळीखालून पलीकडे गेलो.

आणि तिथे ती होती. ढोली! दोन पुरुष उंचीवर, खोडाच्या पोटात, मातकट लिंपलेलं दार आणि मधे उभी फट. खाली खोडावर पांढरे ओघळ, पायथ्याशी बियांचा सडा. मी गुडघ्यावर बसलो. खरंच बसलो. मग झाडापासून दहा पावलांवर तंबू उभा केला, आत शिरलो, कॅमेरा फटीवर रोखला आणि दिसेनासा झालो.

साडेसहा झाले. सात झाले. समोरच्या सागाच्या रांगेतून दोनदा किंचाळी ऐकू आली, पण नर आला नाही. आठला ऊन तंबूवर आलं. आत भाकरी भाजता आली असती. मी आता एकेकावर संशय घ्यायला सुरुवात केली. ढोली जुनी असेल. चहावाल्याने मुद्दाम नजर इकडे टाकून मला फसवलं असेल. ग्रुपवरचा तो पलीकडच्या झाडीत बसून हसत असेल. नर बाहेरख्याली निघाला असेल. माझ्या संशयातून त्या रानातला कुणी सुटला नाही, फक्त मी ज्यात बसलो होतो ती वस्तू सोडून.

नऊच्या सुमाराला फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. पिवळट, मातीने माखलेलं. उघडलं, मिटलं आणि आत गेलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं. बटण दाबायचं मी विसरलो. तिसऱ्यांदा ते आलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. साठीच्या आतबाहेरची एक बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. सुतळीपाशी आली आणि बाहेरच थांबली. बांधावर एक करवंटी ठेवलेली होती. ती तिने उचलली, आत पाहिलं, उपडी करून पाहिली. आत काही नव्हतं. मग ती झाडाशी बोलायला लागली. मी श्वास रोखला. रानात एकट्या बाईचं स्वगत ऐकायला मिळणं म्हणजे काय भाग्य!

"बाई गं," ती वरच्या फटीला म्हणाली, "सकाळधरनं एक खडा न्हाई करवंटीत. काल ह्या येळंला सात झालं व्हतं. का येत न्हाई म्हंतीस? आता म्या काय सांगू तुला?" तिने पदर सावरला आणि आवाज दोन पट्ट्या वर चढवला. "दारात कोबी उगवलाय!"

मी तंबूच्या जाळीतून चहूकडे नजर फिरवली. एप्रिल महिना. बांध पिवळे, गवत पिवळं, जमीन तांबडी, टेकड्या भाजलेल्या पापडासारख्या. नजर पोचेल तिथपर्यंत जमिनीवर हिरवी म्हणावी अशी एकच गोष्ट होती आणि तिच्या आत मी होतो.

"भाईर या," बाई म्हणाली. "सकाळपासनं समदी वाडी बघतीया तुमाला. गडी म्हनत व्हतं, आत कोन बसलाय त्ये पुसून येतो. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मीच जाते. गडी मानूस हात उचलतो."

मी चेन उघडून बाहेर आलो. आधी डोकं, मग स्टूल, मग कॅमेरा. एवढ्या वाईट पद्धतीने आयुष्यात कुठल्याच रंगमंचावर प्रवेश केला नव्हता.

"मावशी, मी फक्त फोटो..."

"मावशी कुनाला म्हंता? तुमच्यायेवढीच आसंन म्या."

"वहिनी. मी फक्त फोटो काढायला आलोय. जागा बघायला नाही. मी भोरचा."

"भोरचा आसा न्हाईतर दिल्लीचा. ही सुतळी दिसली न्हाई?"

"दिसली."

"लिंबाचा डहाळा दिसला न्हाई?"

"दिसला."

"तुमच्या घरात कुनी बाळंत झालंच न्हाई का कवा?"

आणि मला लख्ख आठवलं. माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण. खोलीच्या दारावर बांधलेला लिंबाचा डहाळा, बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवायचे, परक्या माणसाने उंबऱ्यापाशीच थांबायचं. मी दारातून डोकावलो म्हणून आत्याने माझी पाठ सडकून काढली होती. हे मी पाहिलेलं होतं, मला माहीत होतं. तरी एक खरा भोरचा माणूस त्या डहाळ्याखालून वाकून आत गेला होता आणि थेट बाळंतिणीच्या खाटेशी जाऊन बसला होता.

मी मुकाट तंबूच्या काड्या उपटल्या. असले तंबू उघडायला एक मिनिट लागतं आणि मिटायला अख्खा जन्म. तो दोनदा माझ्या हातून सुटला आणि फुगून परत उभा राहिला.  शेवटी वहिनी सुतळी ओलांडून आली, त्याच्यावर सरळ गुडघा टेकला आणि वाकळ दुमडावी तसा दुमडून माझ्या हातात दिला.

आम्ही सुतळीच्या बाहेर, बांधाच्या सावलीला येऊन बसलो. झाडापासून चांगली पन्नास पावलं लांब. तिने सांगितलं, हा बांध तिचा आहे. दरवर्षी हे पाखरू इथं कोंडून घेतं आणि दरवर्षी तिची सासू सुतळी बांधायची, आता ती बांधते. नराची एक खेप झाली की करवंटीत एक खडा. वाडीतल्या तिघी जणी आळीपाळीने बघून जातात, त्यामुळे नंतर येणारीला न विचारता कळतं की बाळंतिणीचं पोट भरलंय की नाही.

"आणि मग सगळं गाव खोटं का बोलतं?" मी विचारलं. तीन रविवारांचा हिशेब मला कुणाकडे तरी मागायचा होता. "म्हशीकडे धाडलंत मला. डोंगर चढवलंत."

"मंग काय वरात काढून हितं आनायचं व्हतं?" ती फणकारली. मग करवंटी हातात फिरवत म्हणाली, "गेल्या साली पाच जन आलं व्हतं, असंच कॅमेरं घेऊन. चांगली मानसं वाटली. पोरास्नी गोळ्या वाटल्या. आमीच जागा दावली. एक फांदी आडवी येतीया म्हनं, फोटू साफ येत न्हाई. आमी रानात गेलो तंवर तोडली. दोन दीस बसलं आन गेलं. त्यो बिथरला त्यो बिथरलाच. खडा पडंना. तिसऱ्या दिशी तिनं भित फोडली आन भाईर पडली. पर पंखाला पिसं कुठं हायती? खाली कुत्री व्हती." तिने करवंटी उपडी ठेवली. "पिल्लं आतच सुकली."

मी बेहड्याकडे पाहिलं. ढोलीच्या डाव्या बाजूला तोडलेल्या फांदीचं थोटूक होतं, आता काळवंडलेलं. वर्षापूर्वी ते ताजं असणार. पांढरं असणार. गोल.

मी मोबाईल काढला आणि ग्रुपवरचा तो फोटो उघडला. एक पान मध्ये नाही. डाव्या कडेला पांढरा गोल ठिपका. लेन्स स्वच्छ होती त्याची. फोटो बंद करून मी मोबाईल खिशात टाकला. वहिनीला दाखवायचं धाडस झालं नाही. त्या फोटोला ग्रुपवर मी शाबासकीचा अंगठा दिला होता.

"आज येईल का तो?" मी विचारलं.

"ते त्याला ठावं. आता तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. आन त्याचा डोळा झाका." तिचा रोख माझ्या लेन्सवर होता. मी गळ्यातला टॉवेल काढून लेन्सला गुंडाळला आणि कॅमेरा मांडीवर आडवा घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

मग आम्ही बसलो. वाडीतून दोन-तीन डोकी कुंपणावरून डोकावत होती. दहा वाजले. फटीतून चोचीचं टोक आलं, उघडलं, मिटलं, आत गेलं. वहिनीच्या उजव्या मुठीत एक खडा होता. तो तिने एवढा घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. साडेदहा. माझा पाय मुंग्यांनी भरून गेला, पण हलायची सोय नव्हती. तीन तास मी जगावर संशय घेतला होता; आता मला एकाच माणसाचा संशय येत होता आणि त्याच्या अंगावर हिरवे ठिपके होते.

पावणेअकराला सागावरून किंचाळी आली. मग राखाडी काहीतरी वर-खाली हेलकावत आलं आणि बेहड्याच्या वरच्या फांदीवर बसलं. तोच. गळा फुगलेला. त्याने मान वाकडी करून तंबू होता ती जागा पाहिली. तिथे दबलेलं गवत होतं फक्त. मग आम्हाला पाहिलं. लांबून, एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने. इतक्या संशयाने माझ्याकडे आजवर कुठल्या वेल्हेकरानेही पाहिलेलं नव्हतं.

एक फांदी खाली उतरला. थांबला. आणखी एक. मग झेप घेऊन खोडाला बिलगला आणि गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाला आणलं. आतून टोक बाहेर आलं. बाहेर नराची चोच, आत मादीची, आणि मध्ये उंबर. टॉवेलखालची लेन्स माझ्या मांडीवर गप्प होती. दुसरं उंबर. तिसरं. मी मोजत होतो, नऊ झाली. शेजारी करवंटी सुलटी झाल्याचा आवाज आला आणि मग टक्क करून खडा पडला.

नर भरवून झाल्यावर फांदीवर चोच पुसत बसला. पुसता पुसता पुन्हा मान तिरकी करून माझ्याकडे बघायला लागला. आणि मला सकाळपासून तोंड उघडू न देणारी वहिनी ताडकन उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"आरं मुडद्या, बायकू आत उपाशी, आन तू ह्या मानसाला भिऊन बसलास व्हय? आरं, त्यो तर मलाबी भितुया!"